चित्राला उत्तर हवे

(हीरक महोत्सवी चित्रप्रदर्शनाच्या प्रसंगी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या सभागृहात विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले आहे. दाराशी एका मेजावर अभिप्रायवही ठेवली आहे. अशी वही प्रत्येक प्रदर्शनात असते आणि तिच्यातील मजकूरही बहुधा ठरलेला असतो. ‘फारच छान’, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. लिहिणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. तरीही ज्या मुलाने तीन संध्याकाळी बसून धुआंधारचे पाणी रंगवले, त्याला या वहीतून स्वतःच्या चित्राविषयी काहीही कळत नाही. कोणी ते पाहिले काय, पाहून कोणाला काय वाटले, पाणी पाण्यासारखे दिसले की धुरासारखे, या त्याच्या प्रश्नांना तिथे उत्तर नसते.

पालकांच्या मोबाइलवरील गटांमध्येही हेच घडते. सकाळी एखादे चित्र गटावर येते, दुपारपर्यंत वीस अंगठे आणि दहा टाळ्या जमतात, संध्याकाळी ते चित्र वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले जाते. कौतुक झाले, पण संवाद झाला नाही. चित्रे मांडण्याची सोय आज पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे. ती पाहण्याची आणि त्यांच्याविषयी बोलण्याची रीत मात्र त्या मानाने वाढलेली नाही. मुलांची कला समाजापुढे कशी मांडावी आणि तिला अभिप्राय कसा द्यावा, हाच आजचा विषय आहे.

हा विषय शाळेच्या दृष्टीने किरकोळ नाही. पहिलीतल्या वर्गात गेले तर चित्र न काढणारे मूल सापडत नाही. सातवी-आठवीच्या वर्गात मात्र ‘मला चित्र येत नाही’ असे सांगणारीच मुले अधिक भेटतात. मधल्या पाच-सहा वर्षांत मुलांचे हात बिघडत नाहीत. त्यांची नजर तयार होते, आपले चित्र आणि समोरची वस्तू यांतील अंतर त्यांना दिसू लागते. नेमक्या त्या वेळी ते अंतर कसे कापायचे हे सांगणारे कोणी भेटले नाही, तर मूल खडूची पेटी मिटून ठेवते. पुष्कळदा ती पुन्हा उघडत नाही.

या प्रदेशाच्या मातीतच या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. भोवती जंगल, जवळ नर्मदा. ककैयाच्या प्राथमिक शाळेत लहानग्या रझाचे मन अभ्यासात ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यावर दृष्टी स्थिर करायला सांगितले. रझा यांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली. पुढे अनेक दशकांनंतर हाच बिंदू त्यांच्या चित्रांचा केंद्र झाला आणि जगाने त्यांना त्या बिंदूवरून ओळखले. खेड्यातल्या एका शिक्षकाने मुलाला न रागावता, न हिणवता, त्याच्या चंचल नजरेला एक जागा दिली. चांगल्या मार्गदर्शनाचे इतके साधे रूप क्वचितच आढळते.

रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. १९४८ साली ते काश्मीरला गेले असता फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. त्यांचा अभिप्राय मोलाचा होता. या तरुणाजवळ प्रतिभा आहे, परंतु चित्रांत बांधणी नाही. इमारतीला जसा पाया आणि भिंती लागतात तशी चित्रालाही रचना लागते. सेझानची चित्रे अभ्यासावीत, असा त्याचा आशय होता. नुसत्या स्तुतीवर हे प्रकरण संपले असते तर रझा यांना बरे वाटले असते आणि तेवढेच झाले असते. नुसती टीका झाली असती तर कदाचित ते खचले असते. या अभिप्रायात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. काय आहे ते सांगितले, काय नाही ते सांगितले, आणि जे नाही ते कोठे पाहायला मिळेल तेही सांगितले. रझा यांनी मुंबईला परतून फ्रेंच भाषा शिकायला घेतली, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली ते पॅरिसला गेले. १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. आयुष्याची बहुतेक वर्षे फ्रान्समध्ये काढून ते अखेर भारतात परतले. २०१६ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. जबलपूरच्या ग्वारीघाटावर जे पाणी येते, ते मंडल्यावरूनच वाहत येते.

रझा यांच्या घडणीत एकट्या व्यक्तीच्या अभिप्रायाइतकाच मंडळाचाही वाटा होता. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, आरा, रझा, हुसेन, बाकरे आणि गाडे असे ते सहाजण. यांपैकी हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. सदानंद बाकरे मूळचे शिल्पकार. कृष्णाजी आरा पोटासाठी गाड्या धुण्याचे काम केलेले. शिक्षण, धर्म, भाषा, घरची परिस्थिती, कशातही सारखेपणा नव्हता. आरा यांचे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे भव्य चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी नाकारले गेले आणि आपले व्यासपीठ आपणच उभारावे असे या तरुणांना वाटू लागले. १९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते त्याच सोसायटीच्या दालनात, आणि त्याचे उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. नकार देणाऱ्या संस्थेचेच दार दोन वर्षांत उघडले, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. कलेच्या क्षेत्रातील नकार बहुधा शेवटचा नसतो, असे ज्या मुलाचे चित्र यंदाच्या प्रदर्शनात लागले नाही त्याला अवश्य सांगावे.

या सहाजणांभोवती जाणत्या रसिकांचे एक वर्तुळ होते. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतील प्रमुख नावे. लँगहॅमर यांच्या घरी बैठका होत, चित्रे मांडली जात, त्यांवर मोकळेपणाने बोलणे होई. युरोपातील चित्रांच्या छापील प्रती तिथे पाहायला मिळत. आरांमधील गुण ओळखून त्यांना पुढे आणण्यात फॉन लायडन यांचा मोठा हात होता. चित्र काढणारा, चित्र जाणणारा आणि चित्र विकत घेणारा एका खोलीत बसून बोलू लागला, म्हणजे काय घडू शकते याचा तो पुरावा आहे. पैशापेक्षा तिथे वेळ अधिक खर्च झाला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण शाळेला देणगी देऊ इच्छितात. त्यांनी मुलांच्या चित्रांसमोर महिन्यातून अर्धा तास खर्च केला, तर तीही देणगीच ठरेल.

आता मांडणीकडे वळू. कलाकृती कोठे आणि कशी लावली जाते यावर तिला मिळणारे उत्तर बरेचसे ठरते. १९३६ साली खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. महात्मा गांधींनी त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवली आणि स्थानिक साहित्य वापरण्याचा आग्रह धरला. बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून ती उभी राहिली. १९३८ साली हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० भित्तिचित्रफलक तयार केले. सुतार, शिंपी, स्वयंपाक करणारी स्त्री, वादक असे रोजचे जीवन त्यांत होते आणि ते फलक येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरतील असे लावले होते. चित्र बंद दालनातून काढून माणसांच्या वाटेवर आणण्याचा तो प्रयोग होता. पुढचे अधिवेशन १९३९ साली जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे झाले, हे या शहरातील सर्वांना ठाऊक आहे.

नंदलालांचेच एक विद्यार्थी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेच्या पानाची सजावट त्यांच्या हातची आहे. त्या पानाच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी इवलीशी सही आहे. शोधल्याशिवाय सापडत नाही. त्याच संविधानाच्या हिंदी प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य या सुलेखनकारांनी केले. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भिंतीही सिन्हा यांच्या चित्रांनी सजलेल्या आहेत. कार्यक्रमासाठी तिथे जाणारे शेकडो लोक त्या भिंतींखालून जातात. वर पाहणारे किती, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. चित्र डोळ्यांसमोर असणे आणि चित्र पाहिले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नावाचेही तसेच. पूर्वीच्या मंडला, आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढ गावात झोपड्यांच्या भिंतींवर चित्रे काढणारा जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण १९८१च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी कलाकृती शोधणाऱ्यांच्या दृष्टीस पडला. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले. १९८२ साली भारत भवन उघडले, तेव्हा तिथे आदिवासी कलावंतांची आणि शहरी चित्रकारांची कामे एकाच छताखाली, सारख्याच मानाने मांडलेली होती. ‘आदिवासी कला’ एवढ्या एका निनावी चिठ्ठीऐवजी त्या चित्राशेजारी माणसाचे नाव आले. १९८९ साली जनगढची चित्रे पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात पोहोचली, आणि आज त्याच्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. पाटणगढमधील कितीतरी घरांत आता चित्रकार आहेत. नावाची चिठ्ठी ही किती मोठी गोष्ट असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

अभिप्रायाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष पालकांनी ऐकण्यासारखे आहेत. १९७३ साली अमेरिकेतील मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले. दुसऱ्या गटाला ते न सांगता नंतर दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळे सोडले, तेव्हा बक्षिसाच्या आशेने चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. जे आनंदासाठी चालले होते ते बक्षिसासाठी होऊ लागले, आणि बक्षीस थांबताच हातही थांबला.

इस्राएलमधील रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास शाळकरी मुलांवरचा आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ कामाविषयी लेखी शेरा दिला, काहींना दोन्ही दिले. ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांचे काम सुधारले आणि रसही टिकला. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांच्या बाबतीत शेऱ्याचा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. मुलांनी आकडा पाहिला आणि शेरा वाचायचे कारण उरले नाही. मोबाइलवरील अंगठ्यांची संख्या हाही एक प्रकारचा गुणच आहे. ‘माझ्या चित्राला बारा आणि तिच्या चित्राला चाळीस’ एवढे मुलाला कळते; का, ते कळत नाही. पुष्कळदा त्याचे कारण चित्रात नसून नातेवाइकांच्या संख्येत असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मुले कोवळी असतात, त्यांच्या चित्रातल्या उणिवा दाखवल्या तर ती दुखावतील, म्हणून कौतुकच करावे. हा आक्षेप मायेपोटी आलेला आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील एका शाळेत पहिलीतल्या ऑस्टिन नावाच्या मुलाला छायाचित्र पाहून फुलपाखरू काढायचे होते. त्याचे पहिले चित्र त्या वयाच्या कोणत्याही मुलाने काढावे तसे होते. वर्गातील मुलांनी ते छायाचित्राशी ताडून पाहिले आणि आधी केवळ पंखांच्या आकाराविषयी सूचना केल्या. आकार जमल्यावर पंखांवरील नक्षीविषयी. सहाव्या प्रयत्नात उतरलेले फुलपाखरू पाहून मोठी माणसे थक्क होतात. रॉन बर्जर हे शिक्षक जगभर ही सहा चित्रे दाखवतात आणि अभिप्रायाचे तीन नियम सांगतात: तो सौजन्याचा असावा, नेमका असावा, उपयोगाचा असावा. सहा वर्षांचे मूल सूचनांनी दुखावले नाही, कारण सूचना त्याच्याविषयी नव्हत्या, पंखाविषयी होत्या. शिवाय पुन्हा काढण्याची संधी त्याला दर वेळी मिळत होती. दुरुस्तीची वाट न दाखवता केलेली टीका मुलाला लागते. वाट दाखवली की तीच टीका मदत ठरते.

या सर्व विचारांतून शाळेच्या नित्याच्या चित्रफलकासाठी, आणि परगावी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मोबाइलवर ती चित्रे पाहता यावीत अशा दालनासाठी, काही सुधारणा सुचतात.

पहिली सुधारणा जागेची. फलक मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी, मोठ्यांच्या उंचीवर असू नये. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर, दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर तो असावा. चित्रे दर पंधरवड्याला बदलावीत आणि वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्याचे निदान एक चित्र तिथे यावे. निवडक दहा हातांचेच चित्र वर्षभर झळकत राहिले, तर उरलेल्यांना फलकाकडे पाहण्याचे कारण राहत नाही.

दुसरी सुधारणा चिठ्ठीची. चित्राखाली नाव आणि इयत्ता असतेच. त्याबरोबर साधन कोणते, चित्र पाहून काढले की मनाने काढले, आणि पाहणाऱ्यासाठी मुलाचा एक प्रश्न असावा. ‘घाटाच्या पायऱ्या लांब जाताना लहान दिसतात का?’ ‘आकाश जास्त गडद झाले का?’ प्रश्न विचारला म्हणजे उत्तर देणाऱ्याला सुरुवात सापडते आणि मुलालाही आपण कोठे अडलो आहोत हे शब्दांत मांडावे लागते. अर्धे काम त्या शब्दांतच होते.

तिसरी सुधारणा, एकाच चित्राचे दोन-तीन प्रयत्न शेजारी लावावेत. पूर्ण झालेले चित्र पाहून लहान मुलाला वाटते की ताईच्या हातून ते पहिल्याच फटक्यात उतरले. तिचे पहिले, खाडाखोड केलेले चित्र शेजारी दिसले, तर त्याला धीर येतो.

चौथी सुधारणा अभिप्रायाची. आकडा नको, तारे नकोत, अंगठे नकोत, पहिला-दुसरा नको. अभिप्राय लिहायचा तर दोन वाक्ये लिहावीत: चित्रात काय दिसले ते एका वाक्यात, आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर किंवा आपला एखादा प्रश्न दुसऱ्यात. ‘सुंदर!’ असे लिहिण्याऐवजी, ‘संगमरवरी कड्यांच्या सावल्या तू निळ्या रंगवल्या आहेस, त्यामुळे पाणी थंड वाटते. होडीतल्या माणसांची सावली मात्र दिसत नाही. ती कोणत्या बाजूला पडेल?’ एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. त्यासाठी चित्राकडे दोन मिनिटे पाहावे लागते, आणि मुलाला खरी ओढ त्या दोन मिनिटांचीच असते.

पाचवी सुधारणा, अभिप्राय मुलापर्यंत जाण्याआधी कलाशिक्षक आणि नववीचे दोन विद्यार्थी यांनी तो वाचावा. कडवट किंवा थट्टेचा शब्द असेल तर लिहिणाऱ्याला परत करून पुन्हा लिहायला सांगावे. नववीच्या मुलांना यातून जे शिक्षण मिळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मुलाला अभिप्रायाचे उत्तर देण्याची मुभा असावी आणि सूचना न पटल्यास ‘मला हे असेच हवे आहे’ असे म्हणण्याचाही अधिकार असावा.

सहावी गोष्ट अधिकाराची आहे आणि ती पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्क ती घडवणाऱ्याचा असतो. तो कर्ता दहा वर्षांचा असला तरी त्यात फरक पडत नाही. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून मोबाइलवरील दालनात मुलाचे छायाचित्र, आडनाव, घरचा पत्ता नसावा. चित्र, पहिले नाव आणि इयत्ता पुरे. पालकांच्या संमतीबरोबर मुलालाही विचारावे. मुलाने ‘हे नको दाखवायला’ असे म्हटले, तर ते चित्र वहीतच राहू द्यावे. आईवडिलांनी अभिमानाने, पण न विचारता पाठवलेले एक चित्र पुढच्या दहा चित्रांची वाट अडवू शकते.

या सर्वांच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. जबलपूरच्या मराठी घरांतील मुले रस्त्यावर हिंदी बोलतात, पडद्यावर इंग्रजी वाचतात, आणि मराठी बहुतांशी जेवणाच्या ताटापुरती आणि शाळेच्या तासापुरती उरत चालली आहे. चित्राविषयी बोलायचे झाले की ‘मस्त’ आणि ‘नाइस’ या दोन शब्दांवर काम भागते. वास्तविक मराठीत चित्राविषयी बोलण्यासाठी विपुल शब्द आहेत. रेषा जोरकस असते, नाजूक असते, कापरी असते. रंग भडक, फिका, उठावदार, विटका, मातकट असतो. चित्राला तोल असतो, लय असते, पोत असतो. मोकळ्या जागेला अवकाश म्हणतात. हिरव्यातही पोपटी, शेवाळी आणि राघवी असे भेद आजीच्या लुगड्यांनी जपून ठेवले आहेत. हे शब्द मुलांच्या कानांवर पडले तर त्यांना ते रंग दिसू लागतील. ज्या छटेला नाव नाही ती नजरेतून सहज निसटते. पुणे, नागपूर, बंगळुरू किंवा सातासमुद्रापलीकडे गेलेल्या माजी विद्यार्थ्याने मराठीतून लिहिलेली दोन वाक्ये मुलाला चित्रकला शिकवतील आणि मराठीही. या शहरात मराठी शाळा टिकवायची असेल तर मराठीला असे नवे काम दिले पाहिजे. केवळ अभिमानावर भाषा टिकत नाही, ती वापरावी लागते.

घरी काय करावे, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ‘हे काय काढले आहेस?’ असे विचारू नये. त्यात ‘ओळखू येत नाही’ असा सूर असतो. ‘या चित्राची गोष्ट सांग’ असे म्हणावे. मुलाच्या चित्रावर स्वतः पेन्सिल चालवू नये. सूचना करायची तर वेगळ्या कागदावर करावी. गाय निळी असेल तर ती निळी राहू द्यावी, मात्र गाय बसते तेव्हा पुढचे पाय कसे दुमडते हे दाखवायला रस्त्यापर्यंत जावे. जबलपूरमध्ये त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. जुनी चित्रे रद्दीत न टाकता तारीख घालून ठेवावीत. वर्षाच्या अखेरीस जूनचे आणि मार्चचे चित्र शेजारी ठेवले, की कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय मुलाला आपली प्रगती दिसते.

यातून सगळेच चित्रकार होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु पाहायला शिकलेले, दुसऱ्याच्या कामाविषयी आदराने आणि नेमके बोलायला शिकलेले, आणि स्वतःच्या कामाविषयीचे बोलणे शांतपणे ऐकायला शिकलेले मूल पुढे डॉक्टर झाले, कारखान्यात गेले किंवा शेती करू लागले तरी ते शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल. ज्या समाजात माणसे एकतर टाळ्या वाजवतात किंवा शिव्या देतात, त्या समाजाला मधली भाषा येणारी माणसे हवी आहेत.

प्रदर्शन पुढील तीन दिवस खुले आहे. दारातील वहीची रचना या वेळी बदलली आहे. प्रत्येक पानावर एका चित्राचा क्रमांक आहे, त्याखाली त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे आणि त्याखाली रिकाम्या ओळी आहेत. प्रत्येक पाहुण्याने निदान एका मुलाच्या प्रश्नाला उत्तर लिहावे, अशी शाळेची विनंती आहे. प्रदर्शन संपल्यावर वही उसवली जाईल आणि ज्याचे पान त्याला दिले जाईल. एकही पान कोरे जाऊ नये.